'द ब्रिज': सागाने मार्टिनला पकडून द्यायला हवं होतं का? (दुसऱ्या सीझनपर्यंतचे स्पॉयलर आहेत)

निशाचर

काल रात्री दीडला दुसरा सीझन संपवला. सकाळी सात चाळीसची लोकल होती, तरी पावणेतीनपर्यंत डोळा लागला नाही. घरी कुणाशी बोलायची सोय नाही. नवऱ्याचं एकच पालुपद, "यांच्याकडे सूर्य उगवतच नाही का गं?" म्हणून धागा काढतेय. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा. शेवट सांगितल्याशिवाय माझा प्रश्नच मांडता येत नाही.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. मालिका २०११ ची, लेखक हान्स रोसेनफेल्ट. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावरचे दिवे अचानक जातात. परत येतात तेव्हा बरोबर सीमारेषेवर एक मृतदेह पडलेला असतो. उचलायला जातात तर त्याचे दोन तुकडे होतात. कमरेच्या वरचा भाग स्वीडनमधल्या राजकारणी बाईचा, खालचा डेन्मार्कमधल्या एका वेश्येचा. अर्धी हद्द यांची, अर्धी त्यांची, त्यामुळे तपासही दोघांच्या गळ्यात. स्वीडनच्या माल्मो पोलिसांकडून सागा नोरेन (सोफिया हेलिन), डेन्मार्कच्या कोपनहेगन पोलिसांकडून मार्टिन रोहदे (किम बोद्निया).

सागा म्हणजे दोन पायांवर चालणारं नियमांचं पुस्तक. मार्टिन म्हणजे आपल्या ओळखीतला कुणीही गोडबोल्या, ढेरपोट्या, बायकांच्या बाबतीत घसरणारा, पण माणूस लाख. पहिल्या सीझनच्या शेवटी त्याच्या थोरल्या मुलाचा, आउगुस्टचा खून होतो. खुनी येन्स हा मार्टिनचाच जुना सहकारी. मार्टिनने एकेकाळी याच येन्सच्या बायकोशी प्रकरण केलेलं असतं. दुसऱ्या सीझनमध्ये येन्स तुरुंगात विषाने मरतो. सगळे आत्महत्या समजतात. सागाला कळतं की विष मार्टिनने दिलंय. आणि ती ते सांगून टाकते. आयुष्यातल्या एकुलत्या एक मित्राला पकडून देते.

माझा प्रश्न शीर्षकात आहे. माझं उत्तर पूर्ण तयार नाही, पण रात्री छताकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या भागात पूल बंद असताना एक रुग्णवाहिका येते, आत हृदयरोगी. सागा म्हणते, घटनास्थळ आहे, सोडणार नाही. मार्टिन तिला न जुमानता जाऊ देतो. त्या क्षणी आपण सगळे मार्टिनच्या बाजूचे होतो की नाही? आणि सागा काय करते? त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार! तेव्हा मी हसले होते. वीस भागांनंतर ती तेच करते, फक्त तक्रार मोठी असते. म्हणजे शेवट पहिल्याच भागात सांगून ठेवलाय. रुग्णवाहिका सोडणारा हात आणि विष देणारा हात एकच आहे, "नियम गेला खड्ड्यात, मला जे योग्य वाटतं ते मी करणार" म्हणणारा. पहिल्या वेळी मी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या वेळी हादरले. मग चूक मार्टिनची की माझी?

तिरपागडा

इतका विचार कशाला? पोटच्या पोराला मारलंय त्याने. सरळ मारलंही नाही, बापाला शोधायला लावून, आशेला लावून मारलं. अशा माणसाला सरकारी खर्चाने जेवण, वाचायला पुस्तकं आणि भेटायला मानसोपचारतज्ज्ञ? मार्टिनने केलं ते कमीच केलं. सागाने गप्प बसायला हवं होतं. कुणी विचारलं होतं का तिला? केस तर मिटली होती.

कायद्याचं_बोला

तिरपागडा, तुमचा संताप समजतो, पण एक गोष्ट निसटतेय. येन्स मोकळा फिरत नव्हता. त्याला शिक्षा झाली होती आणि तो राज्याच्या ताब्यात होता. ताब्यातला माणूस कितीही नीच असो, त्याचा जीव त्या चार भिंतींची जबाबदारी असतो. मार्टिन आत पोचला तो कसा? नुसता दुःखी बाप म्हणून इतक्या सहज पोचला असता का? पोलीस असल्यामुळे मिळालेला विश्वास त्याने वापरला. आपल्या भाषेत याला कोठडीतला मृत्यू म्हणतात. बातमीत हे दोन शब्द आले की आपणच चौकशीची मागणी करतो ना?

पहिल्या सीझनच्या शेवटी पुलावर, मुलगा नुकताच गेलाय हे कळल्या क्षणी त्याने येन्सला गोळी घातली असती तर न्यायालयाने वेगळा विचार केला असता, आणि मीही केला असता. पण तिथे त्याला थांबवलं गेलं. त्यानंतरचं सगळं थंड डोक्याने झालेलं आहे.

तिरपागडा

थांबवलं म्हणजे सागाने त्याच्यावरच गोळी झाडली, तेही सांगा ना वकीलसाहेब. मित्र म्हणे!

सोनचाफा

तो पुलावरचा प्रसंग आठवला तरी पोटात कालवतं. सागाला खोटं बोलता येत नाही. मार्टिन पूर्ण सीझनभर तिला शिकवत असतो की माणसांत राहायचं तर कधी कधी थोडं खोटं बोलावं लागतं, गोड बोलावं लागतं. तिने ते कधी वापरलं? पुलावर. तिला माहीत असतं की आउगुस्ट मेलाय, तरी मार्टिनच्या हातून खून होऊ नये म्हणून सांगते की तो जिवंत आहे. आणि मार्टिन तिच्या चेहऱ्याकडे बघतो आणि ओळखतो. ज्याने खोटं बोलायला शिकवलं त्याच्याकडूनच पकडली जाते बिचारी.

म्हणून मला दुसऱ्या सीझनचा शेवट विश्वासघात वाटत नाही. एकदा त्याच्यासाठी स्वतःचा स्वभाव मोडून पाहिला होता तिने. त्याने मुलगा परत आला नाही की मित्र वाचला नाही. दुसऱ्यांदा ती स्वतःसारखी वागली एवढंच.

जाता जाता, तिला नेमकं काय आहे (ऑटिझम वगैरे) याचं नाव मालिकेत कुठेच घेतलेलं नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पहिल्याच भागात डॉक्टर आणून बोर्ड लावला असता.

माल्मोकर

नावामुळे ओढला गेलो. बरीच वर्षं झाली, राहतो माल्मोत, नोकरी कोपनहेगनला. अलीकडे घर परवडतं, पलीकडे पगार बरा मिळतो, म्हणून माझ्यासारखे बरेच जण रोज हा पूल ओलांडतात. मालिका बघून इथे आलेल्या पाहुण्यांची हमखास निराशा होते ती अशी: ते २०४ मीटर उंचीचे मनोरे आणि ताणलेले दोर गाडीतून जाणाऱ्यांना दिसतात. आगगाडी खालच्या मजल्यावरून जाते. खिडकीबाहेर लोखंडी तुळया सपासप मागे पळतात आणि मध्ये मध्ये समुद्राचे तुकडे दिसतात, बस. मग पेबरहोल्म नावाचं कृत्रिम बेट येतं, त्यापुढे चार किलोमीटरचा बोगदा, आणि मग विमानतळ. पूल १ जुलै २००० ला सुरू झाला. दोन्ही देशांचे राजघराणे उद्घाटनाला होते.

मालिकेच्या मूळ नावाचा उच्चार: स्वीडिशमध्ये 'ब्रून', डॅनिशमध्ये 'ब्रोएन'. पुलाच्या अधिकृत नावात तर पहिलं अक्षर डॅनिश आणि शेपूट स्वीडिश आहे. कुणालाच नाराज करायचं नाही!

मालिकेत दोघं आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना समजतं, ते बऱ्यापैकी खरं आहे. मराठी आणि कोकणीसारखं समजा. आकड्यांना मात्र घोटाळा होतो. स्वीडिश माणसाचं पन्नास म्हणजे सरळ पाच दहा. डॅनिश माणूस म्हणतो 'हाल्ट्रेस'. त्याची फोड अशी: अर्धा-तिसरा गुणिले वीस. स्वीडिश सहकारी यावर डोकं आपटतात. मला मात्र पहिल्याच आठवड्यात समजलं, कारण आपलं 'अडीच' तेच आहे, संस्कृत अर्धतृतीय, तिसरा अर्धा. अडीच विसा म्हणजे पन्नास, माझी आजी अशीच मोजायची. आणि सत्तर म्हणजे अर्धा-चौथा विसा, म्हणजे आपल्या पाढ्यांतलं औट, साडेतीन! औटकी पाठ असलेल्या पिढीला डेन्मार्कमध्ये भाजी घेताना काही अडचण येऊ नये.

अण्णा_डोंबिवली

माल्मोकर, दंडवत घ्या. औटकी पाठ असण्याचा उपयोग साठ वर्षांत पहिल्यांदा कुणी सांगितला.

निशाचर

हसून हसून पुरेवाट. अवांतर चालू द्या, पण मूळ प्रश्नही बघा रे.

माल्मोकर

सॉरी ताई. मूळ प्रश्नावर माझं मत बदलत गेलंय. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मार्टिनचा होतो. इथे राहून सागाचा झालो. मी आलो त्याच्या थोडं आधी, जानेवारी २०१६ पासून, स्वीडनने या मार्गावर ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली. मालिका सुरू झाली तेव्हा या सीमेवर कुणी कुणाला काही विचारत नसे. आता माल्मोच्या बाजूला पहिल्या स्टेशनावर पोलीस डब्यात चढतात. बहुतेक जण सभ्य आहेत. पण रोज कामावरून येताना, दमलेला असताना, आपला रंग आणि आडनाव घेऊन कार्ड पुढे करतो तेव्हा मला समोर मनाने निर्णय घेणारा प्रेमळ मार्टिन नको असतो. सगळ्यांकडे सारख्याच थंड नजरेने बघणारी सागा हवी असते. मार्टिनचा प्रेमळपणा छान, पण तो कुणावर करायचा हे मार्टिनच ठरवणार ना?

सोनचाफा

शेवटच्या वाक्याला +१.

आजोळ

चर्चा छान रंगली आहे. मला इथे 'फोरब्रीडल्सन' (इंग्रजीत 'द किलिंग') आणल्याशिवाय राहवत नाही. पाहिली नसेल तर हा परिच्छेद सोडा, तिचा शेवट फोडतोय. सोरेन स्वाइस्ट्रुपची डॅनिश मालिका, २००७ ते २०१२, तीन सीझन. सोफी ग्रोबोलची सारा लुंड, तिचा तो फेरो बेटांच्या लोकरीचा स्वेटर. (निशाचरताई, यजमानांना सांगा, सूर्य उगवत नाही तिथलाच हा स्वेटर.) पहिल्या सीझनचे वीस भाग म्हणजे तपासाचे वीस दिवस, एका भागात एक दिवस. एका मुलीचा खून होतो आणि कॅमेरा खुन्यामागे धावण्याऐवजी तिच्या आईबापांच्या स्वयंपाकघरात बसून राहतो. मला ती मालिका आवडली ती त्या स्वयंपाकघरासाठी.

तर तिसऱ्या सीझनचा शेवट, २०१२. लुंडला खुनी सापडतो. तो मोठ्या उद्योगसमूहातला वजनदार माणूस, पुरावा टिकणार नाही, आणि तो तिला तसं ऐकवतो. लुंड त्याला तिथेच गोळी घालते आणि देश सोडून पळते. आणि वर्षभराने, २०१३ मध्ये, पुलापलीकडून सागाचं उत्तर येतं. मुद्दाम उत्तर दिलं असं माझं म्हणणं नाही, पण दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघा. लुंडजवळ निदान एक सबब होती, की कायदा या माणसापर्यंत पोचणार नाही. मार्टिनजवळ तीही नव्हती. कायदा पोचला होता, शिक्षाही चालू होती. त्याला फक्त ती पुरली नाही.

तिरपागडा

"फक्त पुरली नाही." आजोळ, तुम्हाला मुलं आहेत का?

आजोळ

दोन आहेत. म्हणूनच मार्टिनचं दुःख नाकारत नाही. मेलेला आउगुस्ट त्याला दिसतो, त्याच्याशी तो बोलतो, ते प्रसंग मला पुढे ढकलत बघावे लागले. पण मालिकेने एक गोष्ट फार हुशारीने केलीय. पहिल्या सीझनमध्ये येन्सचीही बायको आणि मुलगा याच पुलावरच्या अपघातात गेलेले आहेत. तोही दुःखाने वेडा झालेला बापच आहे. "माझं दुःख इतकं मोठं आहे की आता मला सगळं माफ" हे त्याचं गणित. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मार्टिन नेमकं तेच गणित मांडतो. येन्सला मारता मारता तो येन्स होतो.

तिरपागडा

हे मात्र मी पाहिलं नव्हतं असं. भावना पोचल्या. तरी सागा आवडत नाही.

कायद्याचं_बोला

स्कँडिनेव्हियन लोकांना असे डागाळलेले पोलीस का सुचतात याचं कुतूहल असणाऱ्यांसाठी: हे आजचं नाही. माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश लेखक जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक नावाच्या पोलिसावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघं डाव्या विचारांचे. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या कल्याणकारी राज्याच्या तळघरात काय सडतंय ते पोलीस तपासाच्या निमित्ताने दाखवायचं, असा त्यांचा सरळ हेतू. आणि मग २८ फेब्रुवारी १९८६. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे बायकोबरोबर सिनेमा बघून चालत घरी निघाले होते, अंगरक्षक नाही, आणि स्टॉकहोमच्या भर रस्त्यात कुणीतरी मागून गोळी घातली. सुरुवातीच्या तपासात इतके घोळ झाले की १९८९ मध्ये एकाला झालेली शिक्षाही अपिलात टिकली नाही. ३४ वर्षांनी, जून २०२० मध्ये, सरकारी वकिलांनी २००० सालीच वारलेल्या माणसाकडे बोट दाखवून फाइल बंद केली. ज्या देशाने हे पचवलं, तिथल्या लेखकांना 'पोलिसांनी शेवटी बरोबर माणूस पकडला' एवढ्यावर गोष्ट संपवता येत नसावी.

अण्णा_डोंबिवली

आणि आपल्याकडे? चकमकीत माराल तर चौकात पेढे. सागासारखी कुणी तक्रार केली असती तर पेढे वाटणाऱ्यांनीच तिच्या घरावर दगड मारले असते.

सोनचाफा

नॉर्वेची 'ग्रेन्सेलांड' कुणी पाहिलीय का? २०१७ ची, आठच भाग. तिथला निकोलाय आधी सागा असतो आणि मग मार्टिन होतो! ऑस्लोत सहकाऱ्याविरुद्ध साक्ष देऊन तो गावी येतो, सीमेलगतच्या भागात. तिथे एक मृत्यू होतो आणि संशयाची सुई स्वतःच्या भावाकडे वळते. भाऊही पोलीसच. मग हा तत्त्वनिष्ठ माणूस पुरावे लपवायला लागतो, आणि एक लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. परक्या सहकाऱ्याला पकडून देणं सोपं असतं हो. पटकथा मध्येच ढिली पडते, पण तेवढ्यासाठी बघा.

पोलीसलाइन

चार दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. मालिकेबद्दल नाही, सागाबद्दल लिहायचंय.

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. ठाण्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. बाबा रात्रपाळीला ठाणे अंमलदार होते. एका पोराला संध्याकाळी आणलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर पहाटे आणल्याचं दाखवायचं ठरलं. बाबांनी स्टेशन डायरीत आधीच खरी वेळ लिहिली होती. त्यांना सांगितलं गेलं, पान बदलू. ते म्हणाले, नोंद झाली. एवढंच. ते काही भाषण करणारे नाहीत, आजही नाहीत. त्या पोराला मारहाण झाली होती, चौकशी लागली, आणि बाबांच्या नोंदीमुळे त्यांच्याच बरोबरचा एक जण निलंबित झाला. आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. मी त्याला काका म्हणायचो. तो मला सायकल चालवायला शिकवत होता.

नंतर लाइनीत आमच्याशी कुणी भांडलं नाही. कुणी काही बोललंच नाही. आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. तिने स्वतः हळदीकुंकू ठेवलं, वाणाला प्लास्टिकच्या चाळण्या आणल्या होत्या, बावीस. एकवीस उरल्या. बरीच वर्षं आमच्या घरात चाळण्या विकत आणाव्या लागल्या नाहीत. जूनमध्ये बाबांची बदली झाली.

तिसऱ्या सीझनमध्ये कोपनहेगनची ती हाने नावाची अधिकारी येते, सागाने आपल्या माणसाला दहा वर्षं आत टाकलं म्हणून तिच्याशी धड बोलायलाही तयार नसलेली. निशाचरताई, तुम्ही अजून तिथे पोचला नाहीत, माफ करा. ती बाई दिसली आणि मी टीव्ही बंद केला. मला आमची लाइन आठवली. पुढे बघितलंच नाही.

निशाचर

काय लिहू कळत नाहीये. स्पॉयलरबद्दल माफी मागू नका.

सायकल मग कुणी शिकवली?

पोलीसलाइन

अर्धीच शिकलो होतो. बदलीच्या गावी आपली आपणच शिकलो, नाल्यात पडून.

तिरपागडा

पोलीसलाइन, मी वर जे "कुणी विचारलं होतं का तिला" लिहिलंय ते मागे घेतो. मार्टिनबद्दलचं मत तेच आहे, पण ते वाक्य मागे घेतो.

आजोळ

बाबांना नमस्कार सांगा. एक विचारू? मालिका त्यांना दाखवलीत का कधी?

पोलीसलाइन

नाही. ते बातम्या आणि कुस्ती सोडून काही बघत नाहीत. सबटायटल वाचायला चष्माही धड नाही.

माल्मोकर

दाखवा हो. पहिला भाग तरी. तुम्ही वाचून सांगा शेजारी बसून.

पोलीसलाइन

रविवारी दाखवला. मी मोठ्याने मराठीत सांगत गेलो, आई मटार सोलत होती. मृतदेहाचे तुकडे झाले तेव्हा आई आत निघून गेली. बाबांनी विचारलं, पंचनामा कुठल्या हद्दीतला करणार? पूर्ण तासभर त्यांचा हा एकच मुद्दा चालू होता.

रुग्णवाहिकेच्या प्रसंगाला मी थांबवून विचारलं, तुम्ही काय केलं असतं? म्हणाले, "जाऊ दिली असती. आत पेशंट आहे." मी म्हटलं, म्हणजे तुम्ही मार्टिनच्या बाजूचे. तर म्हणाले, "सोडली असती आणि डायरीत लिहिलं असतं, अमुक वाजता, अमुक नंबरची गाडी, माझ्या जबाबदारीवर सोडली. त्याने लिहिलं का?"

मी म्हटलं, नाही लिहिलं. त्या बाईने तक्रार केली त्याच्यावर.

"मग करणारच ती," म्हणाले, आणि कुस्ती लावायला सांगितली.

रात्री जेवताना विचारत होते, ती पोरगी एकटीच राहते का, तिचं जेवणाखाण्याचं कोण बघतं. दुसरा भाग शनिवारी बघू म्हणालेत.